दातांमधली फट

आमच्या इमारतीत जिना जिथे सुरू होतो, तिथे त्याच्या पोटातल्या तिरकस जागेत तिचं दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं. एक शिवणयंत्र, एक इस्त्री, खिळ्यांवर लटकवलेली दोऱ्यांची रिळं आणि एक स्टूल. ताठ उभं राहिलं की डोक्याला जिना लागतो, म्हणून गिऱ्हाइकाला वाकूनच बोलावं लागतं. "माझ्याकडे येणारा कितीही मोठा असो, मान खाली घालूनच येतो," असं ती म्हणते. गल्लीत तिला सगळे कातर म्हणतात. हातातल्या कातरीवरून हे नाव पडलं असं तिचं म्हणणं, पण गल्लीचं मत वेगळं आहे. तिच्या जिभेने कापलेले लोक मी वरच्या मजल्यावरून रोज जाताना पाहते.

तिचा नवरा बसवर कंडक्टर होता. दिवसभर "सुट्टे द्या, सुट्टे द्या" म्हणायचा, म्हणून त्यालाही सुट्टे हेच नाव पडलं. माणूस काडीसारखा, पण हसला की सगळा चेहरा दातांचा व्हायचा. वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये चांगली रुंद फट होती. बसची घंटा सदा बिघडलेली असायची, तेव्हा तो या फटीतून शीळ घालायचा. एक शीळ म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हरला घंटेपेक्षा तीच बरी ऐकू यायची. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आला की तो एकदा शीळ घालायचा, आणि कातर यंत्रावरून उठून चहाचं आधण ठेवायची. "थांबा आला," म्हणायची.

गल्लीसमोर हॉस्पिटल आहे. पूर्वी तिथे दोन मजल्यांचा साधा दवाखाना होता. आता मोठ्या ग्रुपचं हॉस्पिटल आहे, चार इमारती, सगळी काच. विमानतळावरून पांढऱ्या गाड्या येतात आणि परदेशातले पेशंट उतरवतात. कुणाला गुडघे बदलायचे असतात, कुणाला हृदयातली झडप, कुणाला नुसतं नाक. त्यांच्या देशात हे होत नाही किंवा परवडत नाही, म्हणून बिचारे समुद्र ओलांडून येतात. त्यांच्यामुळे आमची गल्लीही बदलली. घरोघरी खोल्या भाड्याने द्यायच्या पाट्या लागल्या, फळवाला चार भाषांत "ताजं आहे" म्हणायला शिकला. कातरकडे तर रांग लागायची. छातीचं ऑपरेशन झालेल्याला हात वर करून सदरा घालता येत नाही, त्याचा सदरा ती पुढून उघडून चिकटपट्टी लावून द्यायची. गुडघेवाल्यांच्या विजारीला कडेने बटणं. "माझं दुकान म्हणजे हॉस्पिटलचंच एक खातं आहे, फक्त पाटी नाही," असं ती अभिमानाने सांगायची.

मग सुट्टेच्याच हृदयाची झडप बिघडली. समोरच जायचं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले, तेव्हा खोलीत एक फोटोवाला आला होता. म्हणाला, "काका, हॉस्पिटलचा झगा काढा, घरचा शर्ट घाला."

"अहो, अजून कापायचंय मला. आत्ताच कसला फोटो?"

"कापल्यावर हसता येत नाही, काका."

सुट्टे जो हसला! कातरने आणलेला निळा चौकडीचा शर्ट त्याने चढवला, हातात फोटोवाल्याने दिलेला फुलांचा गुच्छ घेतला आणि त्या हसण्यातच फोटो निघाला. शर्टाची कॉलर झिजली होती, म्हणून कातरने ती उसवून, उलटी करून पुन्हा शिवली होती. तिला विचारा, अजून सांगेल कुठल्या दोऱ्याने.

दुसऱ्या दिवशी तो टेबलावरच गेला. डॉक्टर स्वतः बाहेर आला, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि काय झालं ते सगळं त्याने सांगितलं. "त्या माणसाशी माझं काही वैर नाही," हे कातरने मला तेव्हाही सांगितलं आणि नंतरही. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकातून, जिथून मुदपाकखान्याचा कचरा जातो त्याच्या शेजारून, आम्ही त्याला घरी आणलं. पुढचं दार पेशंटांसाठी असतं.

वर्ष सरलं. एके दिवशी सकाळी मी केस विंचरत होते, तर खालून हाक आली.

"मावशी, खाली या. आत्ता."

तिच्या आवाजात असं काही होतं की मी फणी तशीच केसांत ठेवून उतरले. समोरच्या नव्या इमारतीच्या भिंतीवर, गच्चीपासून खालच्या खिडक्यांपर्यंत, भलंमोठं फ्लेक्स लावलं होतं. त्यावर सुट्टे हसत होता. हातात गुच्छ. खाली चार भाषांत लिहिलेलं: मी बरा होऊन घरी गेलो.

कातर शटर अर्धं उचलून तशीच उभी होती. "आधी कॉलर दिसली," ती म्हणाली. "माझा टाका मी ओळखते. मग वर बघितलं. मावशी, दात बघा त्यांचे."

मी चष्मा पुसून पाहिलं. फट नव्हती. दोन्ही दात एकमेकांना चिकटून, पांढरे शुभ्र, नव्या लादीसारखे.

"बुजवली," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाचे दात बुजवले हो यांनी."

आम्ही दोघी त्याच दिवशी परदेशी पेशंटांच्या विभागाच्या साहेबाकडे गेलो. चाळिशीचा, इस्त्रीदार, गोड बोलणारा. टेबलावर काचेच्या वाडग्यात लिमलेटच्या गोळ्या आणि देशोदेशींचे छोटे झेंडे. त्याने आम्हाला बसवलं, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं आणि संगणकात पाहिलं.

"ताई, हा डिस्चार्जचा फोटो आहे. इथे तशी नोंद आहे. म्हणजे हे गृहस्थ बरे होऊन गेले. तुमची काहीतरी गफलत होतेय."

"गफलत? मागच्या फाटकातून नेलंय मी त्यांना. आडवं."

"तुमचं दुःख मी समजू शकतो. पण चेहरे सारखे असतात." मग त्याने पडद्यावरचा फोटो मोठा केला आणि आमच्याकडे वळवला. "तुम्हीच म्हणालात ना, तुमच्या मिस्टरांच्या दातांत फट होती? या गृहस्थांच्या बघा. आहे का?"

कातरने वाडग्यातली एक गोळी उचलली, न खाता त्याच्या झेंड्यांच्या मधोमध ठेवली आणि आम्ही बाहेर आलो.

खरं काय ते आम्हाला फोटोवाल्याकडून कळलं. त्याच्या पँटची चेन बिघडली, म्हणून तो दुकानात आला, तेव्हा मीही तिथेच होते. गिऱ्हाईक स्टुलावर, पँट यंत्रावर, कमरेला कातरचा टॉवेल. अशा अवस्थेत माणूस फार खोटं बोलू शकत नाही.

"डिस्चार्जच्या दिवशी लोक बिलावरून भांडत असतात, आजी," तो बिचारा मलाच सांगायला लागला. "तोंडं सुजलेली, दाढी वाढलेली. फोटो निघणार कसा? म्हणून आम्ही सगळ्यांचे ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच काढून ठेवतो आणि नाव देतो डिस्चार्ज. पुढे कोण घरी गेलं, कोण नाही, ते आमच्यापर्यंत येतच नाही."

"बरं. आणि फट?" कातरने दाताने दोरा तोडला.

तो टॉवेलची गाठ आवळायला लागला.

"पँट पाहिजे ना परत?"

"ती साहेबांनीच बुजवून घेतली. स्वतः शेजारी बसून. म्हणाले, बाहेरचे लोक दात बघतात. आणि ताई, तुम्ही भेटून गेल्यावर त्यांनी खाली चौकशी केली होती. काकांचं काय झालं ते कळलंय त्यांना. पण नव्या इमारतीचं उद्घाटन तोंडावर आलंय. म्हणाले, राहू दे."

तिने पँट त्याच्या मांडीवर टाकली आणि वर माझ्याकडे पाहिलं. "मावशी, ऐकलंत? आता तो फोटो त्या साहेबानेच उतरवायचा. स्वतःच्या हातांनी. आणि माझ्या दुकानात आणून द्यायचा. तोवर मी काही मरत नाही."

मुलगा दुसऱ्या शहरात असतो. फोनवर म्हणाला, "आई, वकील बघ, नाहीतर सोडून दे." ती म्हणाली, "वकिलाच्या पायऱ्या झिजवेपर्यंत तुझी मुलं निवृत्त होतील. आणि सोडून द्यायला हा काय बसचा थांबा आहे?"

तिने मला एक इंग्रजी वाक्य मागितलं. "फार नको. एकच. हा माझा नवरा, हा याच हॉस्पिटलात वारला." मी शाळेत नन्सकडून शिकलेलं शुद्ध इंग्रजी तिला दिलं आणि तिने ते असं घोटलं की मलाही लाज वाटावी. मग वाळवंटी देशांतून येणाऱ्या एका बाईकडून तिने तेच वाक्य त्या भाषेत घेतलं, आणि बेटांवरून येणाऱ्यांच्या भाषेत फळवाल्याने कुणाकडून तरी आणून दिलं. झालं. गिऱ्हाईक माप द्यायला वाकलं की ती तोंडातल्या टाचण्या काढायची, बोटाने समोरच्या भिंतीकडे दाखवायची आणि त्या त्या भाषेतलं आपलं वाक्य म्हणायची. मग टाचण्या पुन्हा तोंडात.

लोकांचे चेहरे उतरायचे. काही जण घाईघाईने निघून जायचे. एका कुटुंबाने पांढरी गाडी परत बोलावली आणि थेट विमानतळ गाठला. त्या दिवशी कातरने मला वर चहा आणून दिला. दोघींनी गॅलरीत बसून प्यायला. गोड लागला. खोटं कशाला लिहू?

हॉस्पिटलनेही मग आपलं केलं. जिन्याखालच्या दुकानात जंतू आहेत, तिथे कपडे देऊ नका, असं पेशंटांना सांगितलं जाऊ लागलं. रांग आटली. यंत्रावर दिवसदिवस कापड चढेना. एकदा साहेब स्वतः आला, वाकला नाही, बाहेरूनच म्हणाला, "ताई, कशाला स्वतःचं नुकसान करून घेता? काय हवं ते सांगा, मार्ग काढू."

"शिडी हवी," कातर म्हणाली. "आणि तिच्यावर तुम्ही."

तो हसला. गेला.

अशात एक दिवस बेटांवरचा एक उंच म्हातारा आला. हाडं रुंद, हात सुताराचे, होताही सुतारच. एकटाच आला होता. जिन्याखाली त्याला जवळजवळ दुमडूनच बसावं लागलं. त्याला सदरा पुढून उघडून हवा होता, म्हणजे ऑपरेशन छातीचं. कातरने टाचण्या काढल्या, बोट दाखवलं, वाक्य म्हटलं.

म्हातारा भिंतीकडे वळला. मग त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. आता पंचाईत. कातरकडे वाक्य एकच; त्याचं उत्तर आलं तर काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. तिने मला हाक मारली. त्याला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, तुझ्या माणसाला फार त्रास झाला का?"

कातरच्या हातातला सदरा खाली गेला. एवढ्या दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मुलानेही नाही. मीही नाही.

"सांगा, नाही. झोपेतच गेले."

म्हातारा म्हणाला, बरं झालं. मग म्हणाला, आमच्या बेटावर हे करणारं कुणी नाही. मला भीती वाटत होती. इथे पेशंट पाठवणाऱ्या एजंटाने या माणसाचा फोटो दाखवला, तो असा हसत होता की मी निघालो. आता परत जाऊन तरी काय करू? तिथे मरेन, एवढंच. उद्या करायचं आहे. आज दुपारी फोटो काढायला येणार आहेत.

मी हे सगळं तिला सांगितलं. ती यंत्राच्या चाकावर हात ठेवून बसली होती.

"मावशी, मी चुकीच्या माणसांना भोसकत होते," ती म्हणाली. राग कमी झाला होता असं कुणी समजू नये. तो उलट टोकदार झाला होता, नव्या सुईसारखा. "याला सांगा, ऑपरेशन बिनधास्त कर. डॉक्टर चांगला आहे. पण फोटो काढू देऊ नकोस. म्हणावं, आधी बरा करा, मग काढा."

तिने सदरा तिथल्या तिथे शिवून दिला, चिकटपट्टीच्या आतून मऊ कापड लावून. आणि त्या दिवसापासून वाक्य बदललं. बोट भिंतीकडे, आणि तिन्ही भाषांत: आधी बरा करा, मग फोटो काढा. आता कुणी घाबरून पळेना. लोक मान डोलवायचे आणि ती गोष्ट खोल्याखोल्यांतून एकमेकांना सांगायचे. हसणारे चेहरे मिळेनासे झाले. फोटोवाला गुच्छ घेऊन जायचा आणि तसाच परत यायचा. त्यानेच सांगितलं, उद्घाटनाला परदेशी एजंट येणार, त्यांच्यासाठी नव्या दालनाची भिंत फोटोंनी भरायची होती, साहेबांची झोप उडाली आहे. "रोज मला बोलतात, ताई. गुच्छ सुकले म्हणूनही बोलतात."

"बोलू दे. तुझी पुढची चेन फुकट बसवीन," कातर म्हणाली.

उद्घाटनाला त्या भिंतीसमोरच्या पटांगणात मांडव घातला होता. पुढच्या रांगांत परदेशी एजंट, मागे डॉक्टर, नर्स आणि कुंपणाबाहेर गल्ली. आम्ही दोघी कुंपणाला टेकून होतो. बरा झालेला एक तरी परदेशी पेशंट चार शब्द बोलायला हवाच होता, आणि त्या दिवशी डिस्चार्ज मिळालेला, पायांवर उभा राहू शकणारा, तयार झालेला एकच होता: आमचा सुतार. साहेबाने हाताला धरून त्याला व्यासपीठावर आणलं. चेहरा पांढराफटक, दाढी वाढलेली, एक हात छातीवर, अंगात कातरचा सदरा. फोटोवाल्याचं म्हणणं खरं होतं, बरा झालेला माणूस काही सुंदर दिसत नाही.

तो आधी त्याच्या भाषेत बोलला, मग इंग्रजीत. म्हणाला, मी जिवंत आहे, त्या डॉक्टरांचे आभार. टाळ्या. मग त्याने वळून वर पाहिलं. म्हणाला, पण हा माणूस घरी गेला नाही. तो याच हॉस्पिटलात वारला. याची बायको तिथे उभी आहे. मला खोट्या हसण्यावर इथे बोलावलं.

एजंटांनी एकाच वेळी माना वळवल्या, आधी भिंतीकडे, मग कुंपणाकडे. मागच्या रांगेतून सुट्टेचं ऑपरेशन करणारा डॉक्टर उठला. "खरं आहे ते," एवढंच तो म्हणाला आणि बसला.

साहेब कुंपणापाशी आला तेव्हा त्याच्या कॉलरीला घामाची रेघ होती. "ताई, उद्या उतरवतो. शब्द देतो."

"उद्या नाही. आत्ता."

"माणसं बोलावतो."

"माणसं नकोत. तुम्ही."

"ताई, लोक बघताहेत."

"म्हणून तर."

त्याने मागे वळून पाहिलं. त्याच्या वरचा कुणीतरी मोठा माणूस पहिल्या रांगेत बसला होता. त्याने हाताने नुसतं "जा" केलं. साहेब गच्चीवर गेला. वरच्या दोऱ्या त्याला सुटेनात. टाय वाऱ्याने तोंडावर येत होता. गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "साहेब, सुट्टे द्या!" आणि सगळी गल्ली हसली. शेवटची गाठ सुटली तसा सुट्टेचा चेहरा कपाळापासून दुमडत खाली आला आणि पुढच्या रांगांतल्या रिकाम्या खुर्च्यांवर पसरला. एजंट आधीच उठले होते.

घडी करून ते फ्लेक्स साहेबाने खांद्यावरून गल्लीत आणलं. जड होतं. मध्ये दोनदा त्याने खांदा बदलला, आणि कुणी हात लावायला गेलं की कातर नुसती बघायची. दुकानाशी आल्यावर तो थांबला, कारण आत ठेवायला वाकावंच लागतं. वाकला. मान खाली घालून आत गेला, ओझं ठेवलं.

"फट होती ना?" कातरने विचारलं.

"हो," तो खाली बघूनच म्हणाला. "होती."

तो गेल्यावर तिने घडी उलगडत उलगडत तोंडापर्यंत आणली. मोठी कातर घेतली. पुढच्या दोन दातांमध्ये टोक रोवून तिने वरून खाली एक चीर दिली, मग शेजारून दुसरी, आणि मधली पांढरी पट्टी उचलून कचऱ्यात टाकली. "आता घरी आले," म्हणाली. रडली नाही. मीच रडले असेन थोडी.

लोकांना वाटलं, संपलं. साहेबाची नोकरी गेली नाही. असल्या लोकांची जात नाही. रांग पुन्हा लागली. साहेब मात्र गल्लीने यायचा बंद झाला. त्याची गाडी आता मागच्या फाटकाने येते, कचऱ्याच्या शेजारून, जिथून आम्ही सुट्टेला आणलं होतं.

हे कळल्यावर कातर जिना चढून वर आली. "मावशी, तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या बाजूला आहे ना?"

"आहे."

"सकाळचा थोडा वेळ मी इथे बसून काजं केली तर चालेल? हाताचं काम आहे, आवाज नाही."

तेव्हापासून ती रोज सकाळी येते. मी स्टूल खिडकीशी ठेवते. गाडी थांबते, साहेब उतरतो आणि आत जाण्याआधी वर बघतो. त्याला बघावंच लागतं. ती सुईत दोरा ओवत त्याच्याकडे बघत राहते, तो दार ओढून घेईपर्यंत. मग मी चहाचं आधण ठेवते. त्या खिडकीला पूर्वी पडदा होता. तो मीच काढून टाकला.